पक्षाघातानंतरची थेरपी व्हिडिओ कॉलवर: कितपत योग्य?

पाऊलवाट:
माझं मत स्पष्ट आहे. पक्षाघात, कंपवात अशा आजारांत ओपीडीतल्या थेरपीचा बराचसा भाग नेहमीसाठीच व्हिडिओवर व्हायला हवा, केवळ अडीअडचणीपुरता नव्हे. व्हीलचेअरवरून गाडीत, गाडीतून पुन्हा व्हीलचेअरवर, एवढ्यातच पेशंटची निम्मी ताकद संपते. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२४ पेशंटच्या अभ्यासात हाताचे व्यायाम काहींनी घरून केले, काहींनी केंद्रात जाऊन. सुधारणा जवळपास सारखीच होती.

अबोली (न्यूरोफिजिओ):
अभ्यास चांगलाच आहे, पण त्यात घरोघरी संगणक आणि व्यायामाची साधनं बसवून दिली होती. टेबलावर टेकवून ठेवलेला मोबाइल म्हणजे ते नव्हे. ताठरलेला कोपर मी आधी सावकाश आणि मग झटकन सरळ करून बघते. झटकन करतानाच अडकला तर तो मेंदूच्या इजेमुळे वाढलेला स्नायूचा ताण, सावकाश करतानाही तिथेच अडकला तर स्नायू किंवा सांधा आखडलेला असू शकतो. दोन्हींचे उपचार वेगळे. हे हाताला कळतं, कॅमेऱ्याला नाही. आणि तोल तपासताना पेशंट कलंडला तर सावरणार कोण? सत्तरीतली बायको?

पाऊलवाट:
पहिली तपासणी समोरासमोरच व्हावी, यावर वाद नाही. पण तुमच्या रुंद, मोकळ्या कॉरिडॉरमध्ये नीट चालणारा कंपवाताचा पेशंट घरी बाथरूमच्या दारातच थिजतो. ते दार तुम्हाला ओपीडीत कधी दिसणार?

अबोली (न्यूरोफिजिओ):
हे मान्य. दार बघायला कॉल जरूर करावा.

रानजाई:
बाबांना वाचाघात आहे, म्हणून लिहिते. शब्द सापडायला त्यांना वेळ लागतो. कॉलवर ते गप्प झाले की थेरपिस्टना वाटतं नेट अडकलं, आणि त्या पुढचा प्रश्न विचारतात. तेवढ्यात आईच उत्तर देऊन टाकते. समोर बसलेल्या थेरपिस्टना बाबांचे हलणारे ओठ दिसतात, त्या थांबतात.

दुसरं म्हणजे, व्हिडिओवर थेरपिस्टचे हात आम्ही होतो. बाबांना उठवताना मी लुळा हात धरून ओढायचे. त्याने खांदा दुखावतो, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. घरच्यांना आधी प्रत्यक्ष शिकवा, मग कॉल लावा. आणि ‘आम्हाला ओपीडीतच यायचंय’ म्हणणाऱ्याची अपॉइंटमेंट परस्पर कॉलवर ढकलू नका. आमच्या बाबतीत तसं झालंय.