हायड्रोजेल आणि प्रोपोलिसला मराठीत काय म्हणावं?

कऱ्हाकाठ: जखमेवरच्या पट्टीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. मध आणि प्रोपोलिस (मधमाश्या झाडांवरून आणतात ती चिकट राळ) घातलेलं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल), म्हणजे संमिश्र पदार्थ. 'संमिश्र'पाशी अडलं नाही. पुढे 'राळयुक्त जलजेल पट्टी' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. तिच्या पायाला मधुमेहामुळे चिघळलेली जखम आहे. म्हणाली, "राळ धुपात घालतात, पायाला कशाला?" मला राळेचं मलम आठवत होतं, तिला नाही. शब्द सुचवा.

परिचारिका: वॉर्डात आम्ही 'जेलची पट्टी' म्हणतो, पेशंटला कळतं. एक विनंती: नुसतं 'मध' लिहू नका, 'वैद्यकीय मध' लिहा. तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. घरच्या मधात क्लॉस्ट्रिडियम जीवाणूंचे बीजाणू असू शकतात. बरणीतला मध जखमेत भरून वर फडकं बांधून आलेले एक आजोबा आठवतात. फडकं सोडलं तर आत मुंग्या.

सातेरी: प्रोपोलिसला मराठी शब्द नाही, कारण आपली सातेरी मधमाशी ते गोळाच करत नाही. वडिलांनी मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या पेट्या आणल्या तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. झाकण तपकिरी चिकाने असं घट्ट बसलेलं की पटाशीने उचकटावं लागलं. बोटांचे डाग चार दिवस गेले नाहीत. पोयाच्या, म्हणजे डंख नसलेल्या, माश्या मात्र राळ आणतात. त्यांच्या ढोलीतल्या काळ्या चिकट गोळ्याला आजी 'पोयाचं मेण' म्हणायची.

शब्दवेध: ग्रीकमध्ये 'प्रो' म्हणजे पुढे, 'पोलिस' म्हणजे नगर. माश्या पोळ्याचं दार त्याने अरुंद करतात. मग 'वेशमेण' म्हणू या! मराठी शब्द घडवायचे नाहीत तर भाषा वाढणार कशी?

खलबत्ता: मेण माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरतं, प्रोपोलिस झाडांच्या कळ्यांवरून येतं. 'वेशडिंक'ही नको. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. म्हणून तर प्रोपोलिसचा अर्क अल्कोहोलमध्ये काढतात. पाण्याने भरलेल्या जेलमध्ये तो नीट मिसळवणं हेच जिकिरीचं काम. 'राळ'च बरोबर. आणि आईंना हायड्रोजेल समजवायचं तर भिजवलेला सब्जा दाखवा. बीभोवतीचा तो बुळबुळीत थर पाणी धरून ठेवतो, पण पाण्यात विरून जात नाही.

शब्दवेध: आजीचं 'पोयाचं मेण' चालतं, मग माझं का नाही? संस्कृत मदन, प्राकृत मयण, मराठी मेण. शब्द इतका जुना आहे, तो राळेलाही पोटात घेईल.

पानगळ: पालखीसारखा मेणा असतो तोही यातलाच ना? त्यावर मेणकापड घालत असतील.

शब्दवेध: नाही, तो फारसी 'मियाना'वरून.

कऱ्हाकाठ: पत्रक उद्या छपाईला जातंय. 'जेलची पट्टी' आणि 'वैद्यकीय मध' पक्कं केलं. प्रोपोलिसचं काय करू?

सातेरी: आधी एक दुरुस्ती. वर 'पोळ्याचं दार' लिहिलंय. दार पेटीला किंवा ढोलीला असतं. पोळं म्हणजे आतली मेणाची घरं, आणि माश्यांसकट सगळं मिळून मोहोळ.

पानगळ: आमच्याकडे सगळ्यालाच पोळं म्हणतात.