ट्रॅकसाठी आधी सस्पेन्शन की डिफरन्शियल?

प्रश्न (दारव्हा): पुढच्या चाकांवर चालणारी माझी पोलो गाडी कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची आहे. वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसतेच फिरते. तेव्हा आधी कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेले सस्पेन्शन) घ्यावेत की लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसते फिरू न देता दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा भाग), हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (हिंगणघाट): दादा, आधी सस्पेन्शन पाहावे. आतल्या चाकावरचा भार हलका झाला की साधे डिफरन्शियल त्यालाच फिरवत राहते. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) जाड केल्यास ते चाक जमीन धरून राहते. गाडी मात्र फार खाली करू नये. आमच्या पांदण रस्त्यावरच्या चाकोरीत माझा ऑइल चेंबर घासला होता.

उत्तर (पुसद): त्याआधी ब्रेक ऑइल बदलावे. ताजे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेले जुने लवकर उकळते आणि पेडल मऊ पडते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. डिफरन्शियल कापूस विकल्यावर पाहीन.