आईच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे. भेगा, कुरूप आणि नखे यांची काळजी कशी घ्यावी?

प्रश्न – औशाची लेक

माझी आई 71 वर्षांची असून औसा तालुक्यातील आमच्या गावी थोरल्या भावाकडे राहते. तिचे सारे आयुष्य काळ्या रानात खुरपणी-काढणी करण्यात गेले आणि त्यातला बराच काळ ती अनवाणीच वावरली. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. टाचांना खोल भेगा आहेत, उन्हाळ्यात त्यांतून रक्तही येते. उजव्या करंगळीवर कुरूप झाले आहे आणि दोन्ही अंगठ्यांची नखे जाड व पिवळी पडली आहेत. अलीकडे चालता चालता तिची चप्पल पायातून निसटते आणि दुसऱ्या कोणी सांगेपर्यंत ते तिच्या लक्षातच येत नाही. तरीही आपले पाय दुखत नाहीत, म्हणून दवाखान्याची गरज नाही, असे तिचे म्हणणे आहे.

शेजारच्या मावशी भेगांवर आणि कुरुपावर बिब्बा लावायला सांगतात, तर भावजय ब्लेडने कुरूप खरवडून काढते. कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाण्याचा आईचा विचार आहे. घरच्या घरी काय करावे, काय टाळावे आणि डॉक्टरांना केव्हा दाखवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई

ताई, आपण भेगांविषयी विचारले आहे, परंतु मला आपल्या मजकुरातील सर्वांत काळजीची गोष्ट चप्पल निसटल्याचे न कळणे ही वाटते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांच्या नसा हळूहळू निकामी होतात. कोणाला मुंग्या येतात, कोणाच्या तळपायांची रात्री आग होते, आणि कोणाला काहीच न होता पाय बधिर होत जातात. अशा पायात बाभळीचा काटा मोडला, खडा रुतला किंवा फोड फुटला तरी वेदना होत नाही, माणूस त्याच जखमेवर भार देऊन चालत राहतो आणि घरच्यांना ती कळते तेव्हा बहुतेकदा पू झालेला असतो. म्हणून आईंचे पाय दुखत नाहीत याचा अर्थ ते निरोगी आहेत असा कृपया घेऊ नये.

बिब्बा अजिबात लावू नका. त्याचे तेल कातडी जाळते. चांगली संवेदना असलेल्या माणसाच्या अंगावरही त्याने फोड येतात. बधिर पायाला तर तो चटका जाणवतच नाही आणि भेगेच्या जागी भाजल्याची जखम होते. ब्लेडचेही तसेच आहे. औषधाच्या दुकानात कुरुपावर लावायची जी पट्टी मिळते तिच्यातही कातडी विरघळवणारे आम्ल असते, म्हणून मधुमेही रुग्णाने ती स्वतःच्या मनाने वापरू नये. कुरूप दाबामुळे होते; चप्पल बदलून तो दाब काढला नाही, तर कितीही वेळा कापले तरी ते पुन्हा येते.

रोज पाय कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावेत. पाणी किती गरम आहे हे आईंनी पाय घालून ठरवू नये. घरातील दुसऱ्या कोणी कोपर बुडवून पाहावे. पाय पाण्यात फार वेळ बुडवून ठेवू नयेत, कारण त्यामुळे कातडी आणखी कोरडी पडते. त्यानंतर जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्याने पाय टिपावेत, विशेषतः बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या कराव्यात, कारण तिथे ओल राहिली की चिखल्या होतात आणि त्या फाटलेल्या कातडीतून जंतू आत शिरतात. टाचांना आणि तळव्यांना व्हॅसलीन, खोबरेल तेल किंवा युरिया असलेले मलम लावावे. बेचक्यांत मात्र काहीही लावू नये. रक्त येणारी भेग ही जखमच असते. ती डॉक्टरांना दाखवावी आणि तोवर तिच्यात हळद, चुना, राख किंवा तंबाखू भरू नये.

नखे अंघोळीनंतर मऊ झाली की सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. जाड पिवळे नख बहुधा बुरशीमुळे होते, परंतु इतर कारणेही असू शकतात, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे बरे.

सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे रोज संध्याकाळी उजेडात दोन्ही पाय पाहणे. तळवा, टाच आणि प्रत्येक बेचके पाहावे, हाताने चाचपावे. एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम लागली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. आईंना वाकता येत नसेल आणि घरी कोणी नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवून त्यांनी त्यात तळवा पाहावा.

एकदा त्यांना ग्रामीण रुग्णालयात किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात अवश्य न्यावे. तेथे 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवून संवेदना तपासतात आणि पायाच्या नाड्या लागतात का ते पाहतात. प्रत्येक मधुमेही व्यक्तीची ही तपासणी वर्षातून किमान एकदा व्हायला हवी आणि पाय बधिर असतील तर त्याहून अधिक वेळा. बधिरपणा कुष्ठरोगानेही येतो, त्यामुळे अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर तोही न लाजता दाखवावा. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात.

उत्तर – पादत्राणे बनवणारा, लातूर

परिचारिकाताईंनी उपचाराचे सांगितले आहे, मी केवळ चपलेविषयी लिहितो. बधिर पायाला अंगठ्याची चप्पल चालत नाही, कारण ती धरून ठेवण्यासाठी बोटे आवळावी लागतात आणि तिचा पट्टा बेचक्यात घासतो. समोर रुंद, वरून दोन पट्टे आणि मागे टाचेला पट्टा असलेली सँडल घ्यावी. पट्टे वेलक्रोचे असावेत, म्हणजे सूज कमी-जास्त झाली तरी ते सैल-घट्ट करता येतात. आतला थर मऊ असावा. त्याला एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर म्हणतात. तो बोटाने दाबला की दबतो आणि पुन्हा वर येतो. खालचा तळ मात्र काटा आरपार जाणार नाही इतका टणक हवा.

माप संध्याकाळी द्यावे, कारण दिवसभरात पाय सुजतात. आईंना दुकानात येणे शक्य नसेल तर त्यांना कागदावर उभे करून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद घेऊन या. वय वाढले की पाऊल पसरते, त्यामुळे जुना नंबर सांगून उपयोग होत नाही. नवी सँडल पहिल्या दिवशी तासभरच घालावी आणि काढल्यावर कुठे लाल झाले आहे का ते पाहावे. आणखी एक विनंती आहे. अशा माणसाची चप्पल दुरुस्तीला आली तर तिला खिळा ठोकू देऊ नका, शिवून किंवा चिकटवून घ्या. झिजलेल्या तळातून खिळ्याचे टोक वर येते आणि ज्याला कळायला हवे त्यालाच ते कळत नाही. घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवून पाहावे.

आईंच्या पायात जोडवी असतील तर तीही पाहा. सुजलेल्या बोटात ती रुतत असतील तर सोनाराकडून कापून सैल करून घ्यावीत.

उत्तर – परभणीकर

माझ्या वडिलांना मधुमेह नव्हता, परंतु बिडीचे व्यसन होते. थोडे चालले की पोटरीत गोळा यायचा आणि उभे राहिले की थांबायचा. घरात सर्वांनी तो वात समजून तेल चोळले. तपासणीत पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे निघाले. कोणाच्या घरी असे होत असेल तर मालिश करत बसू नये आणि तंबाखू तातडीने सोडवावा.

औशाची लेक

सर्वांचे मनापासून आभार. भावजयीला हे सारे वाचून दाखवले असून बिब्बा आणि ब्लेड दोन्ही बंद केले आहेत. एकच अडचण उरली आहे: तुळजापूरला अनवाणी जाण्याचा आईचा नवस आहे आणि तो मोडायला ती तयार नाही.

उत्तर – निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई

ताई, त्यांची श्रद्धा मी समजू शकते, मीही आईच्या दर्शनाला जात असते. परंतु ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या डांबरावर बधिर पायांनी एक कोसही चालणे मला धोक्याचे वाटते. त्यांना वाहनाने न्यावे, सँडल अगदी मंदिरापर्यंत पायात ठेवावी आणि आत फरशी थंड असते अशा पहाटेच्या वेळी जाड सुती मोजे घालून दर्शन घ्यावे. घरातील तरण्या माणसाने त्यांच्या वतीने पायी जावे, असे गावातील एखाद्या जाणत्या माणसाकडून सुचवले तर कदाचित त्या ऐकतील. परतल्यावर लगेच तळवे पाहावेत.

यापुढे कधीही पायाचे बोट काळे-निळे पडले, पाऊल एकाएकी थंडगार झाले, जखमेला घाण वास आला, लाली वर चढू लागली, ताप आला, किंवा दुखत नसतानाही एक पाऊल गरम होऊन सुजले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जाताना त्यांना शक्यतो चालवू नये आणि साखरेच्या गोळ्यांची पाकिटे सोबत घ्यावीत.