परदेशातला मुक्काम: रोजच्या दिवसातलं कशाने बरं वाटायचं?

रत्नागिरी

आमच्या वाडीत घरटी एक माणूस बाहेर आहे, नाहीतर बाहेर राहून आलाय. गणपतीत सगळे जमतात तेव्हा गप्पा निघतात त्या पगाराच्या, व्हिसाच्या आणि बुर्ज खलिफाच्या. मला ऐकायचंय ते वेगळं आहे. सहा महिने, दोन वर्षं, दहा वर्षं तिकडे काढलीत, तर साध्या मंगळवारी कामावरून परतताना कशाने बरं वाटायचं? प्रेक्षणीय स्थळं नकोत, रोजचं सांगा.

मीच सुरुवात करतो. दुबईत चार वर्षं देऱ्याला राहायचो, ऑफिस खाडीपलीकडे बर दुबईला. मेट्रो होती, पण मी अब्राने जायचो. अब्रा म्हणजे लाकडी होडी. मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून वीसेक माणसं बसतात, भाडं 1 दिरहम. डिझेलचा वास, पाण्याचा तो हिरवट खारा वास, हिवाळ्यात डोक्यावर सीगल. जयगडहून तवसाळला जाताना फेरीबोटीच्या कठड्याला धरून उभं राहिलं की जसं वाटतं, अगदी तसं. पाच-सात मिनिटांचाच प्रवास, पण ऑफिसमधलं सगळं त्या पाण्यावर सोडून मी पलीकडे उतरायचो. उतरल्यावर कागदी कपात कडक चहा. आपल्या ‘कडक’ला तिकडे ‘करक’ म्हणतात.

देवगड

आम्ही सहा वर्षं ओमानमध्ये सलालाला होतो. आखात म्हटलं की लोकांना वाळवंट दिसतं. मलाही दिसायचं, पहिला जून येईपर्यंत.

जूनच्या शेवटी एका सकाळी खिडकी उघडली आणि समोरचा डोंगर गायब! धुकं आणि भुरभुर पाऊस. नैऋत्य मोसमी वारे आपल्याकडे येतात तसेच त्या किनाऱ्यालाही लागून जातात. तिथला समुद्र त्या दिवसांत गार पडतो, ओली हवा धोफारच्या डोंगरांना अडते आणि सप्टेंबरपर्यंत सगळं हिरवंगार होतं. मस्कतला पारा 40 च्या वर असतो तेव्हा इथे 25 च्या आसपास. या दिवसांना ते ‘खरीफ’ म्हणतात. आपला खरीप हंगाम म्हणजे हाच अरबी शब्द. हे कळलं त्या दिवशी मी बाबांना मुद्दाम फोन केला. ते पेरणीच्या गडबडीत होते, तरी हातातलं काम टाकून ऐकत राहिले.

पाऊस आपल्यासारखा धो धो नाही, नुसती भुरभुर. पण आखातभरातून लोक त्यात भिजायला येतात. गवतावर गालिचा अंथरायचा, थर्मासमधून काहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायचा आणि सगळ्या कुटुंबाने भिजत बसायचं. छत्री कोणीच उघडत नाही! रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया टांगलेल्या टपऱ्या. मी संध्याकाळी चालत जाऊन एक शहाळं घ्यायचे. टपरीवाला मल्याळी होता. “पातळ मलईवालं” एवढंच मराठी त्याला मी शिकवलं होतं. मला येताना बघितलं की तो लांबूनच ते ओरडायचा.

आणि लुबान, म्हणजे झाडाच्या डिंकाचा धूप. तिन्हीसांजेला शेजारच्या घरून त्याचा धूर यायचा. त्या घरातल्या आजी एकदा मूठभर खडे देऊन गेल्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. मी देवापुढे निखाऱ्यावर एक खडा टाकला, तर तो बुडबुडत वितळला आणि घरभर लिंबाच्या सालीसारखा वास.

मालवण

मी जहाजावर असतो. दोनच सांगतो. रविवारची बिर्याणी, आणि पश्चिमेकडे जाताना रात्री घड्याळ एक तास मागे करतात तेव्हा मिळणारी जास्तीची झोप. सहा महिन्यांच्या करारात त्या एका तासाइतकं सुख दुसऱ्या कशात नाही.

गुहागर

लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेत होते. दिवसभर घरात मी, ती आणि बाळ. सकाळी बाळाला शाल गुंडाळून ओट्यावर उभी राहायचे. पिवळी शाळेची बस यायची, तिच्या कुशीतून लाल पाटी बाहेर यायची आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबायच्या. एक एवढंसं पोर रमतगमत चढेपर्यंत कोणी भोंगासुद्धा वाजवायचं नाही. मला ते बघून रोज भरून यायचं. बस चालवणारी बाई आधी नुसती बघायची, मग हात करू लागली. निघायच्या आदल्या दिवशी मीच आधी हात केला. उद्यापासून मी नाही, हे तिला सांगायचं राहिलं.

हर्णै

हँबुर्गला शिकायला दोन वर्षं. रविवारी सगळी दुकानं बंद, पहिले दोन महिने मी खोलीतच बसून काढले. मग कोणीतरी म्हणालं, पहाटे उठ आणि एल्बे नदीकाठच्या मासळीबाजारात जा. उन्हाळ्यात 5 वाजता सुरू, साडेनऊला आटोपतो. विक्रेते गाडीवर उभे राहून असे ओरडतात की मला आपला किनाऱ्यावरचा लिलावच आठवला. पावात खारवलेला हेरिंग आणि कच्चा कांदा. मासा तारलीच्या नात्यातला. पुढे एकही रविवार चुकवला नाही.

वेंगुर्ला

जपानात नुमाझूला निघालो तेव्हा आवशीन पयलोच प्रश्न केल्यान, “झिला, थय मासे गावतत मा?” पोचलो तर गल्लीत मधोमध चिरून उघडलेले, मीठ लावलेले मासे जाळीवर वाळत घातलेले. फोटो पाठवला. तिचं उत्तर, “मीठ कमी लावलानी.” तिथल्या गॅसच्या शेगडीत मासा भाजायला वेगळा खण असतो. कामावरून आलं की खण ओढायचा, मासा ठेवायचा, भात लावायचा. कातडी तडतडायला लागली की घरी आल्यासारखं वाटायचं.

देवगडच्या ताई, ते लुबानचे खडे उरलेत का हो?

देवगड

आहेत. पितळेच्या डबीत अकरा खडे. दर वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडला की तिन्हीसांजेला एक टाकते.