मदत हवी आहे : ट्रेलरमधला पंप नळ बंद असतानाही मधूनच सुरू होतो

मंडळी, छोट्या कॅम्पिंग ट्रेलरमधल्या सिंकची जोडणी अशी आहे : २० लिटरचे दोन कॅन, अर्धा इंची ब्रेडेड नळी, जाळीचा फिल्टर, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप (पाण्याचा दाब ३५ पीएसआय झाला की आपोआप थांबणारा) आणि पुढे नळ.

नळ बंद केला की पंप थांबतो, पण दर दोन-तीन मिनिटांनी 'टर्रर्र' करून पुन्हा गप्प. रात्री तर नको होतं. सगळे सांधे टिश्यू पेपर गुंडाळून तपासले, कोरडे ठणठणीत. म्हणून संशय पंपातल्या व्हॉल्व्हवर. त्यात कचरा अडकला की पाणी मागे कॅनकडे झिरपतं, दाब उतरतो आणि प्रेशर स्विच पंप पुन्हा चालू करतो.

खात्रीसाठी पंपाच्या लगेच पुढे बॉल व्हॉल्व्ह बसवून बंद करणार आहे. तरीही पंप वाजला तर दोष पंपाचाच, नाहीतर नळाकडचा. बरोबर ना? नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) पंपाच्या पुढे लावून उपयोग नाही, कारण स्विच पंपाच्या डोक्यातच (हेडमध्ये) आहे. फिल्टर आणि पंपाच्या मधे लावला तर दाब टिकेल का, की हेडच बदलू?

दुसरं, सिंकखाली बॉटल ट्रॅप (थोडं पाणी साठवून वास अडवणारी बाटलीसारखी जोडणी) आहे. घाटातल्या वळणांवर त्यातलं पाणी हिंदकळून निघून जातं आणि सांडपाण्याच्या कॅनचा वास आत येतो. बिनपाण्याचा, रबरी पडद्याचा ट्रॅप कुणी वापरलाय? भाताची शितं, चहाचा चोथा अडकून पडदा उघडा राहतो का, एवढं नक्की सांगा.