केन डॉडचे पाच-पाच तासांचे प्रयोग: हट्ट की दानत?

रंगपीठ
इंग्लंडमध्ये ‘व्हरायटी’ म्हणून एक खेळ चालायचा. एकाच संध्याकाळी गाणी, जादू, कसरती, बोलक्या बाहुल्या आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारा विनोदवीर. त्या परंपरेतला शेवटचा खरा मोठा माणूस म्हणजे केन डॉड (१९२७–२०१८), असं माझं ठाम मत आहे. लिव्हरपूलच्या नॉटी अ‍ॅशमधल्या कोळसा व्यापाऱ्याचा हा मुलगा. पुढे आलेले दात, विस्कटलेले केस आणि हातात रंगीत पिसांचा झाडू, गुदगुल्या करायला!

१९५४ मध्ये नॉटिंगहॅमच्या एम्पायर थिएटरात त्याने व्यावसायिक पदार्पण केलं. ते थिएटर १९५८ मध्ये बंद पडलं. घरोघरी टीव्ही आला आणि एकेक नाट्यगृह मिटत गेलं. आपला धंदाच बुडत असताना हा माणूस उभा राहिला. १९६५ मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये सलग ४२ आठवडे खेळ, त्याच वर्षी ‘टिअर्स’ हे गाणं पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर. आणि शेवटचा प्रयोग डिसेंबर २०१७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर!

त्याचे प्रयोग पाच-पाच तास चालायचे, म्हणून ‘त्याला थांबता येत नव्हतं’ असं त्याच्याबद्दल नेहमी बोललं जातं. मला ते पटत नाही. तिकिटाच्या पैशांत मध्यरात्र उलटेपर्यंत हसवणं ही त्याची दानत होती.

साक्षेपी
दानत वगैरे ठीक आहे, पण कला म्हणजे निवड. काय गाळायचं हे कळलं की विनोद धारदार होतो. एडी ब्रेबन या लिव्हरपूलच्याच लेखकाने डॉडसाठी दहाहून अधिक वर्षं लिहिलं. १९६९ मध्ये तो एरिक मोरकम आणि अर्नी वाइज यांच्याकडे गेला. ही विनोदी जोडीसुद्धा व्हरायटीतूनच वर आलेली. ब्रेबनने त्यांना टीव्हीसाठी नव्याने घडवलं आणि १९७७ च्या नाताळात त्यांचा कार्यक्रम दोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. लेखक तोच, शाळाही तीच. फरक एवढाच, की त्यांनी नवं माध्यम मनापासून स्वीकारलं. डॉडचे टीव्ही कार्यक्रम मात्र आज कुणाला आठवतात?

परदेशी पाखरू
प्रेस्टनला शिकत असताना त्याचा प्रयोग पाहिलाय, म्हणून लिहिते. साडेअकरा वाजून गेले होते. आमच्या पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांनी थर्मास आणि सँडविचचा डबा उघडला. नेहमीचे प्रेक्षक तयारीनेच येत. शेवटची गाडी पकडायला एक जोडपं उठलं, तर हा रंगमंचावरूनच त्यांच्याशी बोलायला लागला. ‘घरी गेलात तरी सुटका नाही, दाराच्या टपालफटीतून विनोद ओरडेन’ हे त्याचं ठरलेलं वाक्य, तरीही अख्खं सभागृह कोसळलं. वगातल्या बतावणीत सोंगाड्या समोरच्या गावाचा अंदाज घेत बोलतो, तसं चाललेलं. हे कॅमेऱ्यासमोर होणारच नाही. कॅमेरा काही गाडी पकडायला उठत नाही.

साक्षेपी
गाडी चुकलेल्या माणसाचंही ऐकायला हवं ना? उठणाऱ्याला सगळ्यांदेखत अडवणं मला तरी आवडलं नसतं. शिवाय विनोद वर्षानुवर्षं तेच.

रंगपीठ
‘तेच’ म्हणणं अन्यायाचं आहे. कोणत्या गावात कोणता विनोद चालला, कोणता पडला, याच्या नोंदी तो आयुष्यभर वह्यांमध्ये करत राहिला. साडेतीन तासांत १५०० विनोदांचा विक्रम त्याच्या नावावर सांगतात. म्हणजे मिनिटाला सात! त्या वेगात प्रेक्षकाला विचार करायला उसंतच मिळत नाही. एक पडला तर दुसरा तयार. मग मधेच वेग मोडून एखादं हळवं गाणं, की दमलेलं सभागृह पुन्हा ताजं. ज्यात तुम्हाला निवड दिसत नाही, त्यामागे एवढी आखणी होती. सिग्मंड फ्रॉइडने विनोदावर सिद्धांत मांडले, पण त्याला कधी शनिवारी रात्री ग्लासगो एम्पायर या कडक प्रेक्षकांच्या नाट्यगृहात खेळ करावा लागला नाही, असं डॉड म्हणायचा. त्याचं सगळं शिक्षण तसल्या प्रेक्षकांसमोर झालंय.

हिशेबनीस
दानतीचा विषय निघालाय म्हणून विचारतो. १९८९ चा करचुकवेगिरीचा खटला कसा विसरायचा? माळ्यावर सुटकेसमध्ये ३,३६,००० पौंड रोख निघाले होते.

परदेशी पाखरू
ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं, हेही लिहा. लिव्हरपूलमध्येच खटला चालला. पुढे त्यावरचे विनोद त्याने स्वतःच खेळात घेतले. पैसा त्याने उधळला नाही हे खरं. जन्मला त्याच घरात राहिला आणि तिथेच वारला. अशा माणसाला पैशांचा लोभी म्हणणं मला जड जातं.

साक्षेपी
खटल्याशी मला देणंघेणं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. १९७१ मध्ये लिव्हरपूल प्लेहाउसमध्ये त्याने शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधला माल्व्होलिओ केला आणि त्याचं कौतुक झालं. संहिता दुसऱ्याची, वेळ ठरलेली, दिग्दर्शक डोक्यावर. बंधनात तो उत्तम काम करू शकत होता, मग आयुष्यभर त्याने ते का टाळलं? आपण एका मोठ्या नटाला मुकलो, असं मला मनापासून वाटतं.

रंगपीठ
माल्व्होलिओ इंग्लंडमध्ये दरवर्षी कुणी ना कुणी करतं. पण व्हरायटी बंद पडल्यावरही छोट्या गावांतून ती एकट्याच्या बळावर पन्नास वर्षं चालू ठेवणारा दुसरा कुणी दाखवा. तो नट झाला असता तर त्या गावांत गेलं कोण असतं?