मदत हवी आहे: ‘ब्लॅक सॅडल’मधला वकील

मंडळी, ‘ब्लॅक सॅडल’ (१९५९-६०) ही अमेरिकन वेस्टर्न मालिका कुणी नीट पाहिली आहे का? क्ले कलहेन बंदूक सोडून न्यू मेक्सिकोत वकिली करतो, पण मार्शल (तिथला कायदारक्षक अधिकारी) गिब स्कॉटला त्याचा भरवसा वाटत नाही. माणूस बदलू शकतो, हे मूल्य मला पटतं. अडलंय ते पुढे. त्या प्रदेशात स्पॅनिश बोलणारे आणि मूलनिवासी भरपूर होते. ते कोर्टात फिर्यादी किंवा ज्यूरी म्हणून दिसतात का? मालिका चालू असतानाच, फेब्रुवारी १९६० मध्ये, अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्णभेदाच्या निषेधार्थ फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर ठाण मांडून बसले होते. त्याचे पडसाद कुठल्या भागात जाणवतात? भागांची नावं सांगा. (गोळीबाराच्या क्लिपा नकोत, त्या ढीगभर आहेत!)